रिकामी यादी काय सांगते? संबंध, अभाव आणि सॉफ्टवेअरच्या टेस्ट



आज आपण प्रोग्रामर मंडळींच्या रोजच्या कामातली एक अडचण घेणार आहोत. टेस्ट चालवली आणि पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं: अपेक्षित १, मिळाले ०. यादीत एक वस्तू असायला हवी होती, यादी रिकामी निघाली. बस्, एवढंच. पण या शून्याचा अर्थ लावता लावता कधी कधी अख्खा दिवस जातो. मग कंटाळून कोणीतरी ती टेस्ट 'स्किप' करून टाकतं, म्हणजे वगळतं, आणि काम पुढे सरकतं. वगळलेली टेस्ट काही तक्रार करत नाही. धोका आहे तो तिथेच.

यात तत्त्वज्ञानाच्या माणसांनी का पडावं, असं कोणी विचारेल. आम्ही पडतो, कारण 'इथे अमुक नाही' हे आपल्याला कशावरून कळतं, हा प्रश्न आपल्या दर्शनांनी फार बारकाईनं हाताळलेला आहे. आणि लाल टेस्टसमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न नेमका तोच असतो. आज श्रोत्यांत सॉफ्टवेअरवाले आहेत आणि दर्शनांचे अभ्यासकही आहेत. एकांना 'अभाव' नवा, दुसऱ्यांना 'फॉरेन की' नवी. दोघांनी एकमेकांना जरा सांभाळून घ्यावं.

एक लॅब, दोन रजिस्टरं

समजा, एका पॅथॉलॉजी लॅबसाठी वेब अॅप बनवलं आहे. रुबी भाषेत, रेल्स नावाची जी चौकट आहे तिच्यात. रेल्स २००४ साली लोकांसमोर आली, आणि आजही अनेक अॅप तिच्यावर चालतात. आपल्या अॅपमध्ये दोन मॉडेल आहेत: पेशंट आणि रिपोर्ट. मॉडेल म्हणजे काय? तर डेटाबेसमधल्या एका तक्त्याचा प्रोग्राममधला प्रतिनिधी. पेशंटचा एक तक्ता, रिपोर्टचा एक तक्ता. जुन्या लॅबमध्ये दोन रजिस्टरं असायची ना, तसंच.

पेशंटच्या मॉडेलमध्ये एक ओळ लिहिलेली असते, 'हॅज मेनी रिपोर्ट्स', म्हणजे एका पेशंटचे अनेक रिपोर्ट. रिपोर्टच्या मॉडेलमध्ये लिहिलेलं असतं, 'बिलाँग्ज टू पेशंट', म्हणजे हा रिपोर्ट एका पेशंटचा. या दोन ओळींना 'असोसिएशन' म्हणतात. आपण 'संबंध' म्हणू.

यात पणाला काय लागलंय ते आधीच लक्षात घेऊ. सुमनबाईंच्या रक्तातल्या साखरेचा आकडा कमलबाईंच्या नावाखाली दिसला, तर डॉक्टर तो बघून गोळी वाढवतील. डॉक्टरांची त्यात चूक नाही. आकडा बरोबर आहे, नाव बरोबर आहे, चुकलाय तो फक्त त्या दोहोंमधला संबंध. आणि संबंध कागदावर छापून येत नाही. म्हणून त्याची वेगळी टेस्ट लिहावी लागते, आणि ती टेस्ट काय सांगते हे नीट वाचता यावं लागतं.

संबंध राहतो कुठे?

एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना, माहिती साठवण्याच्या ज्या पद्धतीचा लेख लिहिला, तिला 'रिलेशनल' म्हणतात. इथे एक गैरसमज नेहमी होतो. लोकांना वाटतं, दोन तक्त्यांमध्ये नातं जोडता येतं म्हणून ती रिलेशनल. तसं नाही. गणितात 'रिलेशन' म्हणजे जुळवलेल्या मूल्यांचा संच, आणि कॉड यांच्या मांडणीत तक्ता हाच रिलेशन. दोन तक्त्यांमधला दुवा म्हणजे दोन्हीकडे लिहिलेलं सारखं मूल्य. वेगळा दोरा कुठेही बांधलेला नसतो.

आपल्या लॅबमध्ये हे मूल्य कुठे आहे? रिपोर्टच्या तक्त्यात एक रकाना आहे, 'पेशंट आयडी'. त्यात पेशंटचा क्रमांक लिहिलेला असतो. यालाच फॉरेन की म्हणतात. पेशंटच्या तक्त्यात रिपोर्टबद्दल काहीही लिहिलेलं नसतं, एक अक्षरही नाही! 'हॅज मेनी' ही ओळ डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही. ती फक्त एक प्रश्न कसा विचारायचा ते सांगते: 'ज्यांच्या रकान्यात माझा क्रमांक आहे असे सगळे रिपोर्ट आणा.'

म्हणजे संबंधाला दोन टोकं आहेत, पण दोन्ही टोकं सारखी नाहीत. एका टोकाला तो लिहिलेला आहे, दुसऱ्या टोकावरून तो विचारला जातो. न्यायाच्या परंपरेत संबंधाच्या दोन टोकांना वेगवेगळी नावं आहेत, अनुयोगी आणि प्रतियोगी. जमिनीवर घडा आहे, असं म्हटलं की जमीन अनुयोगी, घडा प्रतियोगी. दोघांची अदलाबदल केली तर जमीन घड्यावर आहे असं होईल. संबंधाला दिशा असते, हे नैयायिकांनी पक्कं धरून ठेवलं होतं. आपणही एवढं पक्कं धरू की संबंध बघायचा असेल तर आधी जिथे तो लिहिला जातो ते टोक बघायचं. यादी नंतर.

'नाही' हे कसं कळतं?

आता शून्याकडे येऊ. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. कसं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि वेदान्ती म्हणतात, अनुपलब्धी हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण नको, प्रत्यक्षच पुरे, पण अनुपलब्धीची मदत हवी. वाद मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट ही, की एका अटीवर दोघांचं एकमत आहे. नुसतं 'दिसलं नाही' एवढ्यावरून 'नाही' ठरत नाही. अनुपलब्धी 'योग्य' असावी लागते. म्हणजे, वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते.

काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं आपण म्हणत नाही. दिवा लावतो, मग म्हणतो. परमाणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही, कारण तो डोळ्यांनी दिसण्याजोगाच नाही.

रिकामी यादी ही अनुपलब्धी आहे. ती योग्य आहे का, म्हणजे रिपोर्ट असता तर यादीत दिसलाच असता का, हे आधी तपासायचं. आमच्या मते या विषयातली मुख्य गोष्ट ही एवढीच आहे. बाकी सगळा तपशील तिच्यातूनच निघतो.

शून्याला चार प्रश्न

शून्य आलं की आपण चार प्रश्न विचारू, आणि याच क्रमानं विचारू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चौथा विचारण्यात अर्थ नसतो.

पहिला प्रश्न: रिपोर्ट तयार तरी झाला का? रिपोर्टच्या अख्ख्या तक्त्यात नोंदी किती, ते मोजा. तिथेच शून्य असेल तर पेशंटचा आणि संबंधाचा काही दोष नाही. रेल्समध्ये 'सेव्ह' ही आज्ञा नोंद जतन करता आली नाही तर गप्प बसून 'नाही' एवढं परत देते. ते उत्तर कोणी वाचलं नाही तर टेस्ट पुढे जाते, आणि बोंब तीन ओळी खाली उठते. याच आज्ञेपुढे उद्गारचिन्ह लावलं की ती जागच्या जागी ओरडते. म्हणून टेस्टमध्ये तयारी करताना उद्गारचिन्हवाली आज्ञाच वापरावी.

आणि जतन का होत नाही? एक नेहमीचं कारण सांगतो. २०१६ मध्ये रेल्सची पाचवी आवृत्ती आली. तेव्हापासून नव्या अॅपमध्ये 'बिलाँग्ज टू' लिहिलं की पेशंट असणं आपोआप सक्तीचं होतं. पेशंटशिवाय रिपोर्ट जतन होत नाही, 'पेशंट मस्ट एग्झिस्ट' अशी तक्रार येते. जुनं अॅप नव्या सवयीवर नेलं की टेस्टची रांगच्या रांग लाल होते. अशा वेळी घाईनं 'ऑप्शनल' लिहून सक्ती काढून टाकण्याचा मोह होतो. तसं करण्याआधी एक प्रश्न विचारावा: आपल्या लॅबमध्ये पेशंटविना रिपोर्ट ही खरोखर शक्य असलेली गोष्ट आहे का? नसेल, तर टेस्टच अशक्य जग उभं करत होती. दुरुस्ती टेस्टची करायची, मॉडेलची नाही.

दुसरा प्रश्न: रिपोर्ट आहे, पण कोणाचा? त्याच्या रकान्यातला पेशंटचा क्रमांक वाचा, आणि हातातल्या पेशंटचा क्रमांक वाचा. दोन आकडे शेजारी ठेवा. सर्वांत जास्त घोळ इथे सापडतो, आणि तो असा. टेस्टसाठी नमुन्याच्या नोंदी बनवणारं एक साधन असतं, त्याला फॅक्टरी म्हणतात. 'एक पेशंट बनव' म्हटलं, सुमनबाई तयार. पुढच्या ओळीत 'एक रिपोर्ट बनव' म्हटलं. आता रिपोर्टला पेशंट हवा, म्हणून फॅक्टरी गुपचूप स्वतःची एक नवी पेशंट बनवते आणि रिपोर्ट तिला जोडते. आपण मात्र सुमनबाईंची यादी बघत बसतो. ती रिकामीच असणार! उपाय एका शब्दाचा आहे: रिपोर्ट बनवताना पेशंट कोण ते स्पष्ट सांगायचं. पण उपायापेक्षा लक्षण ओळखणं महत्त्वाचं. पेशंटच्या तक्त्यात एकाऐवजी दोन नोंदी दिसल्या की समजायचं, कोणीतरी न बोलावता आलं आहे.

तिसरा प्रश्न: आपण आत्ताचं बघतोय की मघाचं? रेल्स पेशंटची यादी एकदा पूर्ण वाचली की ती लक्षात ठेवते. पुन्हा विचारलं तर डेटाबेसकडे जात नाही, लक्षात असलेलीच देते. वेग वाढवण्यासाठी हे ठीक आहे. पण टेस्टमध्ये असं होतं: सुरुवातीला यादी वाचून 'आत्ता काही नाही' याची खात्री केली. मग वेब पानावरून रिपोर्ट भरल्याची नक्कल केली. ती विनंती हाताळताना अॅप पेशंटची स्वतःची वेगळी प्रत उघडतं, रिपोर्ट लिहितं, डेटाबेसमध्ये नोंद पडते. टेस्टच्या हातातल्या सुमनबाईंना यातलं काहीच माहीत नाही. त्यांची यादी मघाचीच, रिकामी. 'रीलोड' म्हटलं की ताजी यादी येते. काळोखात दिवा लावणं ते हेच.

यात एक गंमत आहे, तीही सांगून ठेवतो. यादीला 'किती आहेत' हे तीन शब्दांनी विचारता येतं, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. 'काउंट' दर वेळी डेटाबेसला विचारतो. 'लेंग्थ' यादी आधी हातात घेतो आणि मग मोजतो. 'साइझ' बघतो की यादी आधीच हातात आहे का. असेल तर तीच मोजतो, नसेल तर डेटाबेसला विचारतो. एखादा रिपोर्ट नुसता 'बिल्ड' केला, म्हणजे यादीला जोडून स्मृतीत बनवला पण जतन केला नाही, तर साइझ १ सांगतो आणि काउंट ०. दोघंही खरं बोलतात. एक स्मृतीतलं सांगतो, एक वहीतलं.

याचा परिणाम असा, की काय चाललंय ते बघावं म्हणून कोणी टेस्टच्या मधोमध यादी पूर्ण वाचून छापतं, आणि त्या वाचण्यानंच यादी हातात येऊन पुढचं उत्तर बदलतं. बघणाऱ्यानं बघितलं म्हणून निकाल बदलला. अशा वेळी लोक 'भुताटकी आहे' म्हणतात. भुताटकी नाही. बघायचंच असेल तर थेट रिपोर्टच्या तक्त्याला विचारावं, पेशंटच्या यादीला हात लावू नये.

चौथा प्रश्न: मध्ये गाळणी आहे का? संबंधावरच अट घातलेली असू शकते, उदाहरणार्थ, पॅथॉलॉजिस्टनं मंजूर केलेलेच रिपोर्ट यादीत यावेत. किंवा मॉडेलवर कायमची गाळणी असते, तिला 'डिफॉल्ट स्कोप' म्हणतात. टेस्टमधला रिपोर्ट मंजूर नाही, म्हणून यादीत नाही. इथे यादी रिकामी आहे आणि ते बरोबरही आहे! ही गाळणी डोळ्यांनी दिसावी म्हणून यादीला तिचा प्रश्न एसक्यूएलमध्ये लिहून दाखवायला सांगता येतं. 'टू एसक्यूएल' म्हटलं की डेटाबेसला नेमकं काय विचारलं जाणार आहे ते वाक्य समोर येतं. फॉरेन कीच्या रकान्याचं नाव चुकीचं दिलं असेल तर तेही त्याच वाक्यात दिसतं. एक ध्यानात ठेवावं: मॉडेलवर कायमची गाळणी असेल तर पहिल्या प्रश्नातली मोजणीसुद्धा गाळूनच येते. अशा मॉडेलची मोजणी 'अनस्कोप्ड' म्हणून, गाळणी काढून करावी.

हे चार प्रश्न संपले आणि तरी शून्य राहिलं, तरच म्हणावं की असोसिएशनच मोडलेलं आहे.

एकच पेशंट, दोन प्रती

तिसऱ्या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे, तो तादात्म्याचा. दोन गोष्टी 'एकच' आहेत असं आपण कधी म्हणतो?

डेटाबेसमध्ये सुमनबाईंची नोंद एक. पण प्रोग्रामच्या स्मृतीत त्यांच्या दोन प्रती असू शकतात. एक आपण बनवलेली, दुसरी रिपोर्टला 'तुझा पेशंट कोण' असं विचारल्यावर त्यानं डेटाबेसमधून आणलेली. पहिल्या प्रतीत फोन नंबर बदलला तरी दुसरीत तो जुनाच. रेल्स शक्य तिथे संबंधाची दोन टोकं आपोआप ओळखून एकच प्रत वापरतं. पण फॉरेन कीचं नाव आपण हातानं दिलं असेल, तर ही ओळख आपोआप होत नाही, 'इन्व्हर्स ऑफ' लिहून ती करून द्यावी लागते.

आता यातली मेख. टेस्टमध्ये आपण लिहितो, 'रिपोर्टचा पेशंट आणि सुमनबाई समान आहेत.' रेल्स दोन नोंदी समान आहेत का हे ठरवताना वर्ग आणि क्रमांक एवढंच बघतं. नाव, वय, फोन बघत नाही. त्यामुळे एक प्रत शिळी आणि एक ताजी असली तरी टेस्ट हिरवीच. आणि उलट, जतन न केलेल्या दोन वेगवेगळ्या प्रती, त्यांतला शब्द न् शब्द सारखा असला तरी, समान नाहीत, कारण त्यांना अजून क्रमांकच मिळालेला नाही. कुठल्या अर्थानं 'एकच', हे ठरवूनच टेस्ट लिहावी. संबंध तपासायचा असेल तर क्रमांक पुरतो. मजकूर तपासायचा असेल तर मजकूरच ताडून बघावा.

आकाशातलं कमळ

इथवर लाल टेस्टबद्दल बोललो. पण खरी काळजी हिरव्या टेस्टची करायला हवी. लाल टेस्ट निदान आवाज करते.

समजा, टेस्टमध्ये लिहिलंय: 'सुमनबाईंच्या यादीतला प्रत्येक रिपोर्ट मंजूर झालेला आहे.' यादीवरून एक फेरी मारायची, प्रत्येकाला तपासायचं. यादी रिकामी असेल तर? फेरीत एकही तपासणी होत नाही, एकही चूक सापडत नाही. टेस्ट हिरवी!

तर्कसंग्रहात हेत्वाभासांमध्ये आश्रयासिद्ध नावाचा एक दोष दिलेला आहे. त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे. नैयायिक हे अनुमान नाकारतात. का? ज्याच्याविषयी बोलायचं ते कमळच नाही, तर सुगंध कोणाला चिकटवणार? आजचं तर्कशास्त्र मात्र रिकाम्या वर्गाबद्दलचं 'प्रत्येक' असं विधान सत्य मानतं. गणितात ते सोयीचं आहे. संगणक या बाबतीत आजच्या तर्कशास्त्राच्या बाजूचा आहे. म्हणून टेस्ट लिहिणाऱ्यानं थोडं नैयायिक व्हावं. 'प्रत्येक' म्हणण्याआधी आश्रय सिद्ध करावा, म्हणजे यादीत किमान एक रिपोर्ट आहे हे आधी तपासावं. एक जादा ओळ लागते, बस्.

दुसरी गोष्ट अन्वय आणि व्यतिरेकाची. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं की पाण्याचा डोह, हा व्यतिरेक. संबंधाची टेस्ट बहुधा अन्वयापाशी थांबते. सुमनबाईंचा रिपोर्ट सुमनबाईंच्या यादीत आहे, झालं. पण समजा, यादीचा प्रश्नच चुकला आहे आणि ती सगळ्याच पेशंटांचे रिपोर्ट देते. तरी ही टेस्ट हिरवीच राहील, कारण टेस्टच्या जगात दुसरा पेशंटच नाही!

म्हणून टेस्टमध्ये एक कमलबाई हव्यातच. त्यांचाही एक रिपोर्ट बनवा, आणि तपासा की तो सुमनबाईंच्या यादीत नाही. आपण सुरुवातीला म्हटलं होतं, पणाला काय लागलंय, तर एकीचा आकडा दुसरीच्या नावाखाली जाणं. एकच पेशंट असलेल्या जगात ती चूक घडूच शकत नाही, मग ती पकडली कशी जाणार?

व्यतिरेकाचा दुसरा प्रयोग टेस्टवरच करायचा. 'हॅज मेनी'ची ओळ थोडा वेळ पुसून टाका, किंवा तिच्यावरची अट काढा, आणि टेस्ट चालवा. ती लाल व्हायलाच हवी. झाली नाही, तर ती त्या ओळीबद्दल काहीच सांगत नव्हती. एक मिनिटाचं काम आहे, आणि नंतरचे कित्येक तास वाचतात.

पुसून टाकल्यावर

अभावाचे प्रकार सांगताना वैशेषिक दोन वेगळे करतात: प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव. घडा बनण्याआधी नव्हता, आणि फुटल्यानंतर नाही. दोन्ही वेळा 'नाही'च, पण दोन 'नाही' निराळे. लॅबमध्येही तसंच. अजून न भरलेला रिपोर्ट आणि पुसला गेलेला रिपोर्ट, यादीत दोन्हींची जागा सारखीच मोकळी दिसते.

पेशंटची नोंद काढली तर तिच्या रिपोर्टांचं काय? संबंधावर 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' लिहिलेलं असेल तर 'डिस्ट्रॉय' म्हटल्यावर रिपोर्टही जातात. पण 'डिलीट' म्हटलं तर रेल्स ही जादा कामं न करता फक्त पेशंटची नोंद काढतं. रिपोर्ट तसेच राहतात, रकान्यात आता अस्तित्वात नसलेल्या पेशंटचा क्रमांक घेऊन. पेशंटच्या बाजूनं बघाल तर सगळं स्वच्छ दिसेल, कारण विचारायला पेशंटच उरलेली नाही. म्हणून काढून टाकण्याची टेस्ट नेहमी रिपोर्टच्या तक्त्यावर करावी: आधी किती, नंतर किती. शिवाय डेटाबेसलाच फॉरेन कीचं बंधन घालून ठेवावं. मग प्रोग्राम विसरला तरी वही विसरत नाही.

अनाथ नोंदी टेस्टमध्ये आणखी एका वाटेनं शिरतात. टेस्टसाठीचा मजकूर फाइलमध्ये आधीच लिहून ठेवण्याची रेल्समध्ये पद्धत आहे, त्याला फिक्स्चर म्हणतात. फिक्स्चर थेट डेटाबेसमध्ये उतरतात, मॉडेलचे नियम न तपासता. रिपोर्टपुढे 'पेशंट: सुमन' लिहायच्या जागी 'सुनम' लिहिलं गेलं, तर रेल्स त्या चुकीच्या नावावरून एक क्रमांक काढून रकान्यात भरतं. त्या क्रमांकाचा पेशंट कुठेच नाही. रेल्सच्या सातव्या आवृत्तीपासून नव्या अॅपमध्ये फिक्स्चर भरल्यावर हे दुवे तपासण्याची सोय चालू असते, पण ती सगळ्या डेटाबेसांना लागू नाही, आणि मुळात तक्त्यावर फॉरेन कीचं बंधन असेल तरच तिला तपासायला काही असतं.

दोषी कोण?

शेवटचा मुद्दा. फ्रेंच विचारवंत पिएर द्यूएम यांनी १९०६ साली भौतिकशास्त्राबद्दल एक गोष्ट मांडली. प्रयोग फसला तर एकटं गृहीतक खोटं ठरत नाही. त्याच्यासोबत उपकरणं, मोजमापं, इतर सिद्धान्त अशी सगळी टोळीच प्रयोगात उतरलेली असते, आणि प्रयोग एवढंच सांगतो की टोळीत कुठेतरी चूक आहे. पुढे १९५१ मध्ये क्वाइन यांनी हा विचार आणखी ताणला.

लाल टेस्टही अशीच. तिच्यात मॉडेल असतं, फॅक्टरी असते, स्मृती असते, डेटाबेस असतो, आणि आधी चाललेल्या टेस्टनी काही मागे सोडलं असेल तर तेही असतं. टेस्टचा क्रम दर वेळी उलटसुलट केला जातो, म्हणून एखादी टेस्ट आज लाल, उद्या हिरवी असं होऊ शकतं. तिथे नशिबाला दोष देऊ नये. ज्या क्रमानं ती फसली त्या क्रमाचा एक आकडा, त्याला 'सीड' म्हणतात, निकालासोबत छापलेला असतो. तो आकडा देऊन तोच क्रम पुन्हा चालवता येतो.

द्यूएम यांच्या म्हणण्यावरून काही लोक निराश होतात, की मग कशाचाच दोष सिद्ध होणार नाही. आम्हांला तसं वाटत नाही. टोळीतल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारता येतं, आणि आपण मघाशी तेच केलं. आधी तक्ता, मग रकान्यातला क्रमांक, मग स्मृती, मग गाळणी. लिहिलेल्या टोकाकडून विचारणाऱ्या टोकाकडे. या क्रमानं गेलं तर प्रत्येक पायरीवर एकजण सुटतो.

एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी संबंधाची टेस्ट लाल झाली आणि 'स्किप' लिहायला हात गेला, तर त्याआधी फक्त दोन आकडे शेजारी लिहून बघा: रिपोर्टच्या रकान्यातला क्रमांक आणि पेशंटचा क्रमांक. ते जुळत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं. जुळत असतील तर आपण बघतोय कुठे, हे तपासा. आणि टेस्ट हिरवी झाली की उठण्याआधी तिच्यात कमलबाई आहेत का, तेवढं पाहून घ्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.